सिमेंटचे पत्रे आणि जुना ऑइल पेंट: जुन्या घराची दुरुस्ती काढण्याआधी

माजघर

नमस्कार मंडळी. रेवदंड्याजवळच्या आमच्या आजोळच्या घराची दुरुस्ती दिवाळीनंतर काढायची ठरतेय. मूळ घर मंगलोरी कौलांचं. मागची पडवी, न्हाणीघर आणि गोठा यांच्यावर आजोबांनी सत्तरच्या दशकात सिमेंटचे पन्हळी पत्रे घातले. २०२० च्या निसर्ग वादळात गोठ्यावरचे निम्मे पत्रे उडाले आणि त्यांचे तुकडे अजून परसात माडांच्या बुंध्याशी पडलेत. दारं-खिडक्या सागवानी, पण त्यांच्यावर हिरव्या ऑइल पेंटचे इतके थर चढलेत की चौकटीवरची नक्षी बुजून गेलीय. भावाला तो सगळा रंग काढून लाकूड मोकळं करायचंय.

ठेकेदार घर बघून गेला. त्याचा बेत असा: दोन मुलं वर चढवायची, हातोड्यानं पत्रे फोडून खाली टाकायचे. तुकडे नव्या जोत्याच्या भरावात, म्हणजे राडारोडा वाहून न्यायचा खर्च वाचला. दारं ब्लो लॅम्पनं भाजून पत्तीनं खरवडायची आणि उरलेलं ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून घासायचं.

माणूस प्रामाणिक आहे, आणि आमच्या भागात सगळे असंच करतात. तरी मी त्याला थांबवलंय. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) आहे आणि जुन्या हिरव्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. भाऊ-वहिनी काम चालू असताना पुढच्या खोल्यांत राहणार म्हणतात. वहिनीला सहावा महिना आहे आणि पुतण्या दोन वर्षांचा, दिसेल ते तोंडात घालणारा.

मला कळलंय ते एवढंच की दोन्ही वस्तू धूळ झाल्या की घात करतात, आणि ठेकेदाराची पद्धत म्हणजे नुसती धूळ. पण "असं करू नका" म्हटलं की तो विचारतो, मग कसं करू? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पत्रे काढावेत की तसेच ठेवावेत? काढले तर जायचे कुठे? दारांचा रंग काढायचाच असेल तर कसा? ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

अभ्या_७९

ताई, काळजी समजते. पण आमचे आजोबा अशाच पत्र्याखाली जन्मभर राहिले आणि नव्वदी पार करून गेले. अर्धा महाराष्ट्र या पत्र्याखाली राहतो. दुकानात आजही नवा पत्रा मिळतो, सरकारनं बंदी घातलेली नाही. इतका धोका असता तर विकू दिला असता का?

---

निवृत्त_सेफ्टी

माजघर, काम थांबवलंत हे उत्तम केलंत. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. शेडचे पत्रे बदलण्याची कामं माझ्या देखरेखीखाली झालेली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी अभ्यांच्या मुद्द्याबद्दल, कारण तो खरा प्रश्न आहे. आपल्याकडचा सिमेंटचा पत्रा म्हणजे साधारण आठ ते दहा टक्के पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, आणि बाकी सिमेंट व राख. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धडधाकट पत्रा डोक्यावर शांत पडून असेल तर त्यातून हवेत फारसं काही येत नाही. आजोबा ठणठणीत राहिले यात म्हणूनच नवल नाही. पत्रा कापला, फोडला, भोक पाडलं, घासला की तंतू सुटतात. केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात जाऊन बसले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसिस (फुप्फुसं निबर होणं), फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतात. पत्रे फोडणाऱ्या मुलाला आज साधा खोकलाही येणार नाही, म्हणून कुणी हे मनावर घेत नाही.

हा कागदी धोकाही नाही. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी होऊन २००५ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बऱ्याच जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं. आजार किती उशिरा उगवतो हे न्यायालयानं ओळखलं होतं. आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉसचं खाणकाम थांबलंय, पण आयात चालू आहे, मुख्यतः रशिया, ब्राझील आणि कझाकस्तानातून. तेव्हा दुकानात मिळतो म्हणून निर्धोक, हे काही खरं नाही. युरोपीय संघात २००५ पासून पूर्ण बंदी आहे.

आता तुमच्या घराचं. पडवीवरचे पत्रे तडा न गेलेले असतील तर माझा पहिला सल्ला, त्यांना हात लावू नका. शेवाळ काढायला प्रेशरचं पाणी मारू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका, पंखा टांगायला भोक पाडू नका. खालून स्वतंत्र चौकटीवर लाकडी किंवा पीव्हीसीचं छत करून घ्या, पत्र्याचा आधार न घेता.

गोठ्यावरचे मोडके काढावेच लागतील. ते असे काढा. वारा पडलेला दिवस बघा, सकाळ उत्तम. गुरं, माणसं, वाळत घातलेले कपडे लांब न्या. खाली जाड प्लास्टिक पसरा. फवारणीचा पाठीवरचा नवा पंप घ्या (कीटकनाशक भरलेला जुना नको), पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाका आणि पत्रे दोन्ही बाजूंनी हलक्या फवाऱ्यानं ओले करा. जोरदार धार नको. मग पत्रा धरून ठेवणारे गंजलेले आकडे (जे-हुक) तेल सोडून पान्यानं सैल करा. नाहीच निघाले तर बोल्टकटरनं तोडा. ग्राइंडर अजिबात नाही. पत्रा अख्खा उचलायचा, हातोहात खाली द्यायचा. फेकायचा नाही, ओढत न्यायचा नाही. खाली आला की पुन्हा ओला करून जाड प्लास्टिकमध्ये, दोनशे मायक्रॉनचं मिळतं, दुहेरी गुंडाळायचा, चिकटपट्टीनं सांधे बंद करायचे आणि वर मोठ्या अक्षरांत "अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये" असं मराठीत लिहायचं.

एक गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. या कामात त्याच दिवशी जीव जाण्याचा धोका धुळीचा नसतो, पत्रा मोडून खाली कोसळण्याचा असतो. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि ओला झाला की निसरडाही होतो. गोठ्याची उंची कमी असते, तेव्हा खालून परांची बांधून काम करवा. वर जाणं टाळताच आलं नाही तर वाशांवर टेकलेल्या रुंद फळ्या हव्यात आणि कमरेला दोर हवा.

---

माजघर

काका, मनापासून आभार. परांचीचं कुणीच बोललं नव्हतं. मास्कचं सांगाल का? ठेकेदार म्हणतो करोनाच्या वेळचे एन-९५ पडलेत घरी, ते देतो. आणि परसातल्या तुकड्यांचं काय? काही तर मातीत अर्धे गाडले गेलेत.

---

निवृत्त_सेफ्टी

अ‍ॅस्बेस्टॉससाठी एन-९५ पुरेसा धरत नाहीत. अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क आणि त्याला अतिबारीक कण अडवणारा पी-१०० किंवा पी-३ दर्जाचा फिल्टर, हे हवं. औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मिळतो. मुंबईत, पुण्यात, पनवेललाही मिळेल. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, त्या माणसाला दुसरं काम द्या. तोंडाला बांधलेल्या गमछाचा काडीचा उपयोग नाही. अंगात एकदाच वापरायचा टोपीसकट झगा. काम संपलं की तो ओला करून काढायचा आणि कचऱ्यातच गुंडाळायचा. मास्क सगळ्यांत शेवटी काढायचा. आणि कामगारानं त्या कपड्यांत घरी जायचं नाही. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. न्हाणीघर, साबण, बदलायला कपडे ही सोय तुम्ही करा. ती ठेकेदारावर सोडू नका.

तुकडे ओले करून हातानं वेचायचे, मास्क आणि हातमोजे घालून. खराट्यानं झाडायचे नाहीत. आत प्लास्टिक लावलेल्या पोत्यात भरायचे, पोतं अर्धंच, नाहीतर उचलताना फाटतं. गाडले गेलेले तुकडे भोवतीच्या थोड्या ओल्या मातीसकट उचला. पालापाचोळा पेटवताना त्यात एकही तुकडा राहू देऊ नका, तापला की फटाक्यासारखा फुटतो आणि उडतो.

---

श्रीवर्धनी

हे वाचून पोटात गोळा आला. निसर्गनंतर आमच्याकडे पाखाडीपाखाडीत या तुकड्यांचे ढीग होते. जेसीबीनं गोळा केले, पुष्कळसे खड्डे बुजवायला आणि वाड्यांच्या बांधाला गेले. मुलं त्यावर खेळत होती. आणि नंतर सगळ्यांनी पुन्हा तेच पत्रे आणले, कारण लोखंडी पत्रा आमच्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, उन्हाळ्यात तापतो आणि पावसात त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, बरा थंड राहतो, परवडतो. लोकांनी तो अडाणीपणानं निवडलेला नाही. पर्याय काय ते सांगा, मी वाडीत सांगीन.

---

निवृत्त_सेफ्टी

श्रीवर्धनी, अगदी बरोबर बोललात. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले फायबर-सिमेंटचे पत्रे आता देशात बनतात, पण मागताना स्पष्ट सांगा आणि छापील माहितीपत्रकावर "अ‍ॅस्बेस्टॉस-विरहित" लिहिलेलं वाचल्याशिवाय घेऊ नका. दिसायला दोन्ही सारखेच. दुसरं, जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेले रंगीत पत्रे साध्या जस्ती पत्र्यापेक्षा खाऱ्या हवेत बरेच जास्त टिकतात. कापलेल्या कडा आणि स्क्रूच्या जागा मात्र सांभाळाव्या लागतात. खाली हवा खेळती ठेवून छत केलं तर उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात. आणि ज्यांच्याकडे वासे-रिपा शाबूत आहेत त्यांनी मंगलोरी कौलांकडे परत वळावं. माकडं आणि शाकारणीची माणसं हा त्रास आहे हे मान्य.

---

रंगारी_दादा

दारांबद्दल मी लिहितो. वडिलांपासून आमचा रंगकामाचा धंदा, सांगली-मिरज भागात.

माजघर ताई, तुमची दारं हिरवी आहेत म्हणालात. जुन्या ऑइल पेंटमध्ये पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा हे रंग शिशाच्या बाबतीत सर्वांत वाईट. पिवळ्यात लेड क्रोमेट असायचं, आणि जुना हिरवा बऱ्याचदा तोच पिवळा आणि निळा मिळवून केलेला. त्याखालचा पांढरा हातसुद्धा सफेद्याचा असू शकतो, आणि सफेदा पूर्वी शिशाचा मिळायचा. खिडकीच्या गजांना खाली शेंदरी रंग दिसला तर तो रेड लेड प्रायमर. हल्लीचा तपकिरी रेड ऑक्साइड लोखंडाचा असतो, तो वेगळा, दोन्हींत गल्लत करू नका. भिंतींना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर तिथं एवढी भीती नाही.

ब्लो लॅम्प पूर्ण बंद. रंग जळला की शिशाची वाफ होते आणि ती थेट छातीत. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांनी हे आयुष्यभर केलं. पोटात कळा, हातापायांत मुंग्या अशा तक्रारी असायच्या. डॉक्टर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या द्यायचे. शिशामुळेच होतं का ते कुणी तपासलंच नाही, म्हणून मी ठामपणे म्हणणार नाही. पण माझ्या पोरांना मी ब्लो लॅम्प हातात घेऊ देत नाही. ग्राइंडर तर त्याहून वाईट, पीठच उडतं.

आधी ठरवा की रंग काढायलाच हवा का. रंग घट्ट बसलेला असेल तर वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हातानं पृष्ठभागाची चमक मारायची, प्रायमर द्यायचा आणि नवा रंग. जुना थर आत बंद झाला. हे सगळ्यांत स्वस्त आणि सुरक्षित. फक्त जिथं दार चौकटीला घासतं, खिडकीची फळी उंबऱ्यावर घासते, त्या कडांचा रंग रोज उघडझाप करताना पावडर होऊन पडत असतो. तेवढ्या कडा मोकळ्या करा.

नक्षी मोकळी करायचीच असेल तर फळ्या बिजागरीतून उतरवा आणि अंगणात न्या. रंग काढायची पेस्ट मिळते, ती जाड लावायची, वर प्लास्टिक झाकायचं, थर फुगला की ओला असतानाच पत्तीनं वर्तमानपत्रावर उतरवायचा. थर जास्त असतील तर दोन-तीनदा. पेस्ट घेताना डायक्लोरोमिथेन असलेली टाळा. बंद खोलीत तिच्या वाफेनं माणसं दगावलेली आहेत. कॉस्टिक सोड्यात बुडवून काढणारेही भेटतील; सागवान त्यानं काळं पडतं, नंतर पॉलिश चढत नाही. चौकट भिंतीतच असते, तिथं पेस्टच वापरा. हीट गन वापरलीच तर कमी तापमानावर, रंग मऊ होईल इतपत. धूर दिसला की फार झालं. नक्षीच्या खाचांत लाकडी टोकदार काडी चालते, सगळं ओलं ठेवून. वेळ लागतो. ठेकेदाराला त्या वेळेचे पैसे द्या, म्हणजे तो ग्राइंडर काढणार नाही.

---

डॉ_मनवा

बालरोगतज्ज्ञ आहे. माजघर, एकच गोष्ट हट्टानं करा: काम सुरू व्हायच्या आधी वहिनी आणि छोटा दुसऱ्या घरी जाऊ देत, आणि शेवटची सफाई होऊन वाळेपर्यंत परत नकोत. "पुढच्या खोलीत राहू" याला काही अर्थ नाही. धूळ पायांनी, कपड्यांनी, केरसुणीनं फिरते.

शिशाची सुरक्षित मर्यादा अशी कुठलीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. लहान मूल गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. गर्भवतीच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत जातं, आणि आईच्या हाडांत पूर्वी साठलेलंही गरोदरपणात बाहेर पडतं. मुलांत बाहेरून काही दिसत नाही. बुद्धी, लक्ष, वागणं यांवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. २०२० च्या युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं पाच मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज होता, आणि त्यात सर्वाधिक मुलं भारतातली. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली बंद केलं. बॅटऱ्या, मसाल्यातली भेसळ, रंग आणि भांडी राहिलेली आहेत.

पुतण्याची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या, काम झाल्यावर नव्हे. तो त्या घरात राहतोय आणि वस्तू तोंडात घालतोय, तर एवढं कारण पुरेसं आहे. शिरेतून घेतलेलं रक्त हवं, बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये "ब्लड लेड" म्हणून सांगा. पाच किंवा जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधायचं आणि बंद करायचं, अशी संघटनेची २०२१ ची सूचना आहे. अमेरिकेत साडेतीनवरच लक्ष घालतात. औषधानं शिसं काढायची वेळ फार वरच्या आकड्यांवर येते, तेव्हा कुणी "शरीरशुद्धी"ची पुडी दिली तर घेऊ नका. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं: नाचणी, दूध, हिरव्या पालेभाज्या, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचं औषध.

देव्हाऱ्यातला शेंदूर मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. पारंपरिक शेंदूर शिशाचाच असतो.

---

अभ्या_७९

डॉक्टर, निवृत्त_सेफ्टी, दोघांनी नीट समजावलंत. माझा एक व्यावहारिक प्रश्न: निघालेले अख्खे पत्रे शेजाऱ्याला गोठ्यासाठी दिले तर? चांगली वस्तू वाया का घालवायची?

---

निवृत्त_सेफ्टी

नको. बसवताना तो कापणार, नवी भोकं पाडणार. चाळीस-पन्नास वर्षं पाऊस झेललेल्या पत्र्याच्या वरच्या अंगाचं सिमेंट झिजलेलं असतं आणि तंतू उघडे पडलेले असतात. आपल्या घरातून निघालेला धोका शेजारच्या घरात जाईल, आणि शेजाऱ्याला तो माहीतही नसेल.

विल्हेवाट ही या सगळ्यातली अवघड बाजू आहे आणि मी ती गोड करून सांगणार नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसचा समावेश आहे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधा आहेत, तिथं अस्तर घातलेल्या खड्ड्यांत तो पुरला जातो. पण ही व्यवस्था कारखान्यांसाठी आखलेली आहे. एका घरातले दहा-वीस पत्रे घेऊन जाणाऱ्या माणसासाठी सरळ खिडकी नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी पत्र द्या, एक प्रत ग्रामपंचायतीला, पोच घ्या. उत्तर येईपर्यंत गुंडाळलेले पत्रे छपराखाली, जमिनीपासून उचलून, अख्खे ठेवा. गुंडाळलेले पत्रे पडून राहिल्यानं कुणाला इजा नाही.

जोत्याच्या भरावात तर अजिबात नको. वीस वर्षांनी नळाची लाइन टाकायला कुणीतरी तिथं पहार घालेल आणि खाली काय आहे हे त्याला कुणी सांगणार नाही.

---

यारा_काठची

मेलबर्नहून. इथं विसाव्या शतकात "फायब्रो" म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पाट्यांची हजारो घरं बांधली. ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, पण जुनी घरं उभीच आहेत. १९९० च्या आधीचं घर असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं, हा इथला शिरस्ता. बहुतेक राज्यांत दहा चौरस मीटरपर्यंतचं घट्ट प्रकारचं साहित्य परवान्याशिवाय काढता येतं, त्यापुढे परवानाधारकच लागतो. कचरा गुंडाळून, आधी वेळ ठरवून, ठरलेल्या केंद्रावर द्यायचा. कॅनबेरात तर सैल अ‍ॅस्बेस्टॉस माळ्यावर भरलेली घरं सरकारनं २०१४ पासून विकत घेऊन पाडली.

एवढं सांगायचं कारण, इथं आता मेसोथेलिओमाच्या रुग्णांत खाणकामगार आणि सुतारांबरोबर शनिवार-रविवारी स्वतःचं घर दुरुस्त करणारे लोकही आहेत. थोडंसंच काम आहे म्हणून सोडून देऊ नका.

---

एडिसनकर

अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात. १९७८ च्या आधीचं घर असेल तर विकणाऱ्यानं शिशाच्या रंगाबद्दल माहीत असेल ते लेखी द्यावं लागतं आणि खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. घाईत ही संधी सोडून देणारे पुष्कळ आहेत, सोडू नका. २०१० पासून अशा घरात पैसे घेऊन रंग उखडणाऱ्या ठेकेदाराला ईपीएचं (तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याचं) प्रमाणपत्र लागतं, ते मागून बघा. घरमालक स्वतः काम करत असेल तर नियम लागू नाही, पण धूळ तीच. अ‍ॅस्बेस्टॉससाठी खडबडीत "पॉपकॉर्न" छत, नऊ इंची जुन्या फरश्या आणि त्यांखालचा काळा डिंक, तळघरातल्या पाइपांवरचं पांढरं वेष्टण ही ठिकाणं आधी तपासून घ्या. माळ्यावर उष्णता अडवायला भरलेलं व्हर्मिक्युलाइट हे दाणेदार खनिज दिसलं तर उकरू नका. त्यातलं बरंचसं माँटानातल्या लिबीच्या खाणीतलं, अ‍ॅस्बेस्टॉसमिश्रित होतं.

---

माजघर

सगळ्यांचे आभार. काल भाऊ, वहिनी आणि ठेकेदार यांच्याशी बसून बोलले. वहिनी आणि पुतण्या अलिबागला तिच्या माहेरी जातील, शेवटची सफाई होईपर्यंत. पुतण्याचं रक्त या आठवड्यात देतोय. पडवीवरचे पत्रे तसेच राहतील, खाली छत. गोठ्याचे काढायचे, परांची बांधून. मास्क, झगे, प्लास्टिक मी पनवेलहून आणते. ठेकेदारानं आधी नाक मुरडलं, पण बायकांनी कपडे झटकल्याचं सांगितल्यावर तो गप्प झाला आणि मग त्यानंच विचारलं, माझ्याकडे याआधी काम केलेल्या पोरांचं काय?

दारांपैकी फक्त पुढचं मुख्य दार मोकळं करायचं, पेस्टनं. बाकीच्यांना वॉटर पेपर आणि नवा रंग. सफाई कशी करायची ते अजून कुणी सांगितलं नाही. आणि रंगाची तपासणी कुठं होते?

---

रंगारी_दादा

खपल्यांची चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबमध्ये होते. खपलीत सगळे थर आले पाहिजेत, लाकडापर्यंतचे. घरी पुसून बघायच्या कांड्या मिळतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. खर्च टाळायचा असेल तर शिसं आहेच असं धरून काम करा, मी तेच करतो. नवा रंग घेताना डब्यावर शिसं नव्वद पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद) आत असल्याचं छापलेलं बघा, नोव्हेंबर २०१७ पासून कायद्यानं तेवढीच मुभा आहे. स्थानिक छोट्या कंपन्यांच्या डब्यांत त्यानंतरही जास्त सापडल्याचे टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेचे अहवाल आहेत, म्हणून पिवळा, केशरी घेताना जास्त बघून घ्या.

सफाई: झाडू नाही, घरचा व्हॅक्यूम नाही, तो बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. खपल्या ओल्या करून वेचायच्या. प्लास्टिक आतल्या बाजूनं घडी घालत उचलायचं. मग दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणात, पुसायचं, साध्यात खळबळायचं, पाणी वरचेवर बदलायचं. खिडकीच्या फळ्या, उंबरे, कोनाडे, फडताळं, सगळं. पुसायची फडकी शेवटी कचऱ्यातच, पुन्हा स्वयंपाकघरात नाहीत. अंगणात जिथं दारं सोलली तिथली वरची माती खरवडून भरा, आणि ती जागा आडाजवळ किंवा भाजीच्या वाफ्याजवळ निवडू नका. कामाच्या जागी चहा, बिडी, तंबाखू नाही. तंबाखू मळताना तळहातावरचं सगळं तोंडात जातं.

---

डॉ_मनवा

ठेकेदाराच्या प्रश्नाचं उत्तर: पूर्वी काम केलेल्या मुलांनी घाबरून लगेच स्कॅन करण्याची गरज नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं हे केलंय त्यांनी छातीच्या डॉक्टरांना तसं सांगून ठेवावं, दम लागायला लागला तर लगेच दाखवावं, आणि विडी-सिगारेट आजच सोडावी. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. रंगकाम करणाऱ्यांनी ब्लड लेड करून घ्यावं, त्याला वयाची अट नाही.

---

निवृत्त_सेफ्टी

माजघर, एक राहिलं. न्हाणीघरातल्या बंबाचा किंवा चुलीचा धूर बाहेर नेणारा राखाडी पाइप आणि संडासाच्या टाकीचा हवेचा उभा पाइप बघून घ्या. त्या काळात हे दोन्ही सर्रास सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे असत. गवंडी नवं न्हाणीघर करताना पहिला घाव तिथंच घालतो. पीव्हीसी नसून जड, राखाडी, खडबडीत असेल तर त्यावर आजच खडूनं खूण करा, आणि पत्रे काढणाऱ्या दिवशीच, त्याच पद्धतीनं, ओला करून अख्खा उतरवा. सांध्यावर तुटला तर तुकडा त्याच पोत्यात.